देवासमोर मराठी, पाहुण्यांसमोर इंग्रजी

गेल्या नाताळानंतरच्या लग्नसराईत एका स्वागतसमारंभास आम्ही उपस्थित होतो. वधू पुण्यात वाढलेली, वरही पुण्यातच वाढलेला. दोघांच्याही घरी आजीपासून नातवंडांपर्यंत सारे मराठीत बोलतात, मराठीत भांडतात आणि रात्रीची जपमाळही मराठीतच म्हणतात. दुपारची लग्नाची मिस्सा मराठीतून झाली. पेटी होती, तबला होता, गायकवृंद तयारीचा होता. धर्मगुरूंनी केलेल्या प्रबोधनाने अनेकांचे डोळे पाणावले. सायंकाळी सभागृहात पाऊल टाकले आणि पाहतो तो काय, मराठी जणू चर्चच्या दारातच चपलांबरोबर काढून ठेवलेली! निवेदन इंग्रजीत, शुभेच्छांचे भाषण इंग्रजीत, केक कापण्याच्या सूचनाही इंग्रजीत. तीन तास इंग्रजी गाणी वाजली. मध्येच कोकणी ‘मसाला’ वाजला, तेव्हा थोरामोठ्यांनीही फेर धरला. कोणाची काही तक्रार नव्हती. खरे सांगायचे तर आमचीही नव्हती.

साडेनऊच्या सुमारास मुलांच्या आग्रहावरून डीजेने एक मराठी गाणे लावले आणि सारी तरुण मंडळी आनंदाने मध्ये आली. वधूच्या मावशा आल्या, स्वयंपाकघरातून वाढपी डोकावू लागले. दोन मिनिटे झाली असतील नसतील, एक ज्येष्ठ गृहस्थ उठून डीजेपाशी गेले. आम्ही जवळच बसलो असल्याने शब्द कानी पडले. “अरे बाळा, हे गणपतीतलं गाणं बंद कर. इथे चांगली माणसं बसली आहेत.” तो मुलगा म्हणाला, “अंकल, हे गणपतीचं नाही. नवीन आहे.” “असू दे. बंद कर.” गाणे बंद झाले. त्याच्या जागी एक इंग्रजी गाणे आले. ठेका तोच, गती तीच, आवाज तेवढाच. सद्गृहस्थ समाधानाने आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

प्रसंग एवढाच. तो आम्ही विसरूनही गेलो असतो. परंतु पंधरा दिवसांनी धर्मग्रामातील एका बैठकीत असा प्रस्ताव आला, की आपल्या सभागृहात ‘इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत’ वाजविण्यास बंदी असावी, कारण ते ख्रिस्ती संस्कारांस बाधक आहे. उदाहरण कोणते दिले गेले? तेच एक मराठी गाणे. तीन तास त्याच यंत्रांवर, त्याच जातीच्या ठेक्यावर जे इंग्रजीत वाजले त्याचा उल्लेखसुद्धा नाही. आम्ही त्या बैठकीत एका कोपऱ्यात गप्प बसून होतो. ते मौन आम्हांला तेव्हापासून सलत आहे आणि म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम त्या गाण्याविषयी. ‘तांबडी चामडी’ हे त्याचे नाव. क्रेटेक्स या नावाने ओळखला जाणारा संगीतनिर्माता आणि श्रेयस हा गायक यांनी ते केले व २०२४ साली नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीतर्फे ते प्रकाशित झाले. या प्रकारच्या संगीतात ‘निर्माता’ म्हणजे पैसा घालणारा नव्हे. यंत्रावर आणि संगणकावर ठेका, नाद व गळा यांची जुळणी करून गाणे उभे करणारा कारागीर. क्रेटेक्स हा या कामात नवखा नाही. ‘हाऊस’ या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या नृत्यसंगीतात मराठी शब्द बसविण्याचा उद्योग तो निष्ठेने करीत आला आहे आणि त्यास त्याने ‘मराठी हाऊस’ असे नावही दिले आहे. हे गाणे भक्तिगीत नाही, तसा त्याचा दावाही नाही. ते नाचाचे गाणे आहे. परंतु त्याचे शीर्षकच आपल्या अंगाच्या रंगाचे नाव घेते आणि लाजून घेत नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ‘हाऊस’ म्हणजे काय, तेही पाहू. कारण जे आपण निषिद्ध ठरवू पाहतो ते निदान ओळखावे तरी. चार मात्रांचा सरळ ठेका, प्रत्येक मात्रेवर ढोलाचा एक सारखा ठोका, मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके. त्यावर लहान लहान स्वरवाक्ये फिरून फिरून येतात आणि दर आवर्तनात थोडी बदलतात. ज्याने भजनात गजर चढत जाताना ऐकला आहे त्याला ही पुनरावृत्तीची किमया सांगायला नको. या संगीताचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. १९७७ साली तेथे ‘वेअरहाऊस’ नावाचा एक नृत्यक्लब उघडला. फ्रँकी नकल्स हा तेथील तबकड्या वाजविणारा कलावंत, आणि त्या क्लबच्या नावावरूनच ‘हाऊस’ हा शब्द रूढ झाल्याचे सांगतात. तेथे येणारे तरुण बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे. त्यांपैकी पुष्कळजण समलिंगी म्हणून समाजाने दूर लोटलेले. त्या संगीतातील गळ्यांत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनाचा हुंकार आजही स्पष्ट ऐकू येतो. ज्या संगीताला आपण चर्चच्या आवारातून हाकलू पाहतो, त्याचा एक झरा चर्चच्या बाकांखालूनच निघालेला आहे!

याच शिकागोत १२ जुलै १९७९ रोजी एक विलक्षण घटना घडली. बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, कोमिस्की पार्क या मैदानात, प्रेक्षकांनी आणलेल्या डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवून देण्यात आला. जमाव मैदानात घुसला, दंगल झाली, दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या मैदानात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण होता. लोकांनी आणलेल्या तबकड्या सगळ्याच डिस्कोच्या नव्हत्या, पुष्कळशा केवळ कृष्णवर्णीय गायकांच्या म्हणून आणलेल्या होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. निषेध ठेक्याचा म्हणून पुकारला गेला. जळाली ती माणसांची ओळख. पुढे १९८४ साली हाऊस संगीताची जी अगदी पहिली तबकडी मानली जाते, तिच्या निर्मितीत याच तरुणाचा हात होता.

शिकागोची ही कथा आम्ही उगाच सांगितली नाही. त्या सायंकाळी आमच्या सभागृहात स्फोट झाला नाही, कोणी कोणाच्या अंगावर धावून गेले नाही. फक्त एक बटण दाबले गेले. पण न्याय तोच. ठेका तोच राहिला, आवाज तेवढाच राहिला, शब्द तेवढे बदलले, आणि ‘चांगली माणसे’ निश्चिंत झाली. तेव्हा आक्षेप ठेक्याला नव्हता, यंत्राला नव्हता, नीतीला तर नव्हताच. कारण त्या रात्री वाजलेल्या इंग्रजी गाण्यांचे शब्द जर कोणी मराठीत करून व्यासपीठावरून वाचले असते, तर निम्मे सभागृह रिकामे झाले असते! आक्षेप होता तो मराठीला. पाहुण्यांसमोर आपण मराठी दिसू नये, याला.

या आक्षेपामागे काय दडले आहे हे आपण सर्वजण जाणतो आणि कोणी बोलत नाही. पुण्याच्या आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) बाजूच्या आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातील पुष्कळ घराणी गावकुसाबाहेरून आलेली आहेत. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, आजोबा शिकले, वडील नोकरीला लागले, नातू इंग्रजी शाळेत गेला. या प्रवासाचा आम्हांला अभिमान आहे. परंतु त्या प्रवासात कोठेतरी आपल्या मनाने अशी खूणगाठ बांधली, की मराठी म्हणजे मागे सोडलेले गाव, आणि इंग्रजी म्हणजे वर चढलेला जिना. म्हणून घरात मराठी, प्रार्थनेत मराठी, पण चारचौघांत इंग्रजी. म्हणूनच ‘तांबडी चामडी’ हे दोन शब्द सभागृहात घुमले तेव्हा कित्येकांना आपलेच नाव मोठ्याने पुकारल्यासारखे वाटले आणि ते दचकले. आम्ही हे कोणास दूषण देण्यासाठी लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या घरातही पाहुणे आले की आम्ही मुलांना इंग्रजीत पाणी आणायला सांगत असू. देवासमोर मराठी आणि पाहुण्यांसमोर इंग्रजी हा आपला अलिखित नियम झाला आहे. देव आपल्याला ओळखतो, त्याच्यापुढे लपविण्यात अर्थ नाही, असा बहुधा हिशेब असावा!

या नियमाला आपल्याच धर्मपरंपरेत काही आधार आहे काय? मुळीच नाही. विल्टशरमध्ये जन्मलेला इंग्रज जेज्वित फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. त्याची मातृभाषा इंग्रजी होती. तिच्यातच लिहावे असे त्याला वाटले असते तर कोणी हात धरला नसता. त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले, ते १६१६ साली छापले गेले, आणि ग्रंथाच्या आरंभीच त्याने मराठी भाषेची थोरवी गायिली. तो आपल्याला मराठी देऊन गेला आणि आपण त्याच्या इंग्रजीमागे लपत आहोत. आणि पुण्यात? नाना पेठेतील सिटी चर्चचा आरंभ १७९२ सालचा, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचा. या शहरात आपण पाहुणे नाही, सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाचे रहिवासी आहोत. घरच्या माणसाने घरची भाषा बोलताना ओशाळे होण्याचे कारण काय?

कोणी म्हणेल, भाषेचे सोडा. पण यंत्राचा ढणढणाट तरी ख्रिस्ती परंपरेला मान्य आहे काय? या प्रश्नाचेही उत्तर आपल्या इतिहासात आहे आणि ते मोठे उद्बोधक आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणादिवशी, उपासनासंगीताविषयी आज्ञापत्र काढले. त्यात चर्चमध्ये पियानो वाजविण्यास बंदी होती. ढोल, झांजा यांसारख्या गोंगाटाच्या वाद्यांस बंदी होती. वाद्यपथकांस आत मज्जाव होता. मिरवणुकीत मात्र, बिशपमहोदयांच्या संमतीने, वाद्यपथक चालत असे. त्याच १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी आपल्या समाजासाठी ‘निरोप्या’ सुरू केला, हेही वाचकांना ठाऊक असेल. त्या काळच्या एखाद्या भाविकाने आजची आपली मराठी मिस्सा ऐकली, तर ढोलकी, टाळ आणि पेटी ऐकून तो कानांवर हात ठेवील. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मान्य केला आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य ते महत्त्व द्यावे असे सांगितले. कारण ती परंपरा त्यांच्या धार्मिक आणि सामाजिक जीवनाचा मोठा भाग असते. ‘सामाजिक’ हा शब्द आमच्या वाचकांनी अधोरेखित करावा. परिषदेने मराठी केवळ वेदीपुरती मंजूर केलेली नाही.

आम्ही असे मुळीच म्हणत नाही, की हाऊस संगीत मिस्सेत वाजवावे. उपासनेची शिस्त वेगळी, सभागृहाची रीत वेगळी. परंतु सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या या संगीताकडे ख्रिस्तसभेने कसे पाहिले याचा एक अलीकडचा दाखला द्यावासा वाटतो. ६ ऑगस्ट २०२३ रोजी पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे जागतिक युवा दिनाचा समारोप होता. उघड्या मैदानात रात्र काढलेल्या लक्षावधी तरुणांना पहाटे जागे केले ते एका धर्मगुरूने, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत वाजवून. फादर गिलेर्म पेशोतो हे त्यांचे नाव. आपल्या धर्मग्रामावरील कर्ज फेडण्याच्या खटपटीतून ते या मार्गाला लागले. त्या पहाटेच्या संगीतात त्यांनी पोप जॉन पॉल दुसरे आणि पोप फ्रान्सिस यांच्या भाषणांतील शब्द गुंफले होते. त्यानंतर त्याच मैदानावर पोप फ्रान्सिस यांनी मिस्सा अर्पण केली. यावर ख्रिस्ती जगात टीकाही झाली आणि कौतुकही झाले. दोन्ही बाजूंना आपापले मुद्दे आहेत. परंतु यंत्रावरचा ठेका म्हणजे आपोआप अधर्म, असे म्हणणाऱ्यांनी त्या पहाटेचा विचार करावा.

आमच्याच एका मित्राने याहून गंभीर आक्षेप घेतला. ते म्हणाले, “अहो, भाषेचे तुम्ही बरोबर बोलता, पण या यंत्रांनी आपल्या वाजविणाऱ्यांच्या पोटावर पाय आणला, त्याचे काय?” हा आक्षेप आम्ही नतमस्तक होऊन ऐकतो, कारण तो खरा आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या कॅथोलिक वादकांनी आणि संगीतसंयोजकांनी जे काम केले त्याला तोड नाही. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात आपल्या गुरूचे नाव अमर केले. सेबॅस्टियन डिसोझांसारख्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चालींना वाद्यवृंदाचा देह दिला. पडद्यावर यांची नावे क्वचितच ठळक झळकली. पुढे सिंथेसायझर आला, वाद्यवृंद आटत गेला, आणि अनेक घरांतील व्हायोलिने पेट्यांत निजली. आपल्या लग्नांतील ब्रास बँडचीही तीच गत झाली.

परंतु याच मुंबईत याच वाद्यवृंदांतील एका वादकाची दुसरी कथाही आहे. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातील एक मुरलेले वादक. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीची तीन यंत्रे घेतली: एक ताल देणारे, एक मंद्र स्वर देणारे आणि एक सिंथेसायझर. त्यांवर भैरव, ललित, यमन अशा दहा रागांची एक तबकडी त्यांनी केली. ती कोणी फारशी घेतली नाही. अठ्ठावीस वर्षांनी, २०१० मध्ये, एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली आणि युरोपातील जाणकार थक्क झाले. कारण शिकागोत ज्या प्रकारचे संगीत १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर नावारूपास आले, त्याच्याशी विलक्षण साम्य असलेले काही तरी मुंबईत आधीच वाजून गेले होते. सत्तरी गाठलेल्या चरणजितजींना परदेशातून बोलावणी आली. २०१५ साली ते वारले. याचा बोध काय? यंत्र वाईट नव्हते. ज्याने पन्नास माणसांच्या मेळ्यात वाजवून कान तयार केला होता, त्याच्या हाती ते गाऊ लागले. शिवाय, घरी जे निर्माण झाले त्याची किंमत आपण करीत नाही, परक्याने उचलून दाखविले की मग टाळ्या वाजवितो. ‘तांबडी चामडी’ही नेदरलँड्सच्या वाटेने आली तेव्हा कोठे आपल्या मुलांच्या लग्नात पोहोचली. आणि आपण तर टाळ्याही वाजविल्या नाहीत, बटण दाबले!

आता आवाजाविषयी बोलू. कारण तेथे आमचा पक्ष तरुणांच्या बाजूचा नाही. आम्ही सदाशिव पेठेत राहतो. अनंत चतुर्दशीला एका अंगास कुमठेकर रस्ता आणि दुसऱ्या अंगास टिळक रस्ता भरून वाहतो. मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते. ध्वनिवर्धकांच्या भिंती खिडकीखालून जातात तेव्हा कपाटातील कपबशा किणकिणतात आणि छातीत ठोका हृदयाचा की रस्त्यावरचा हेच कळेनासे होते. शेजारच्या घरांतील वृद्ध त्या दोन दिवसांपुरते नातेवाइकांकडे जातात. आणि ते सारे गणपतीचे भक्त आहेत. आपली ख्रिस्ती मंडळी आम्हांला भेटली की सहानुभूतीने म्हणतात, “कसे राहता हो तुम्ही तिथे?” यावर आमचा उलट प्रश्न असा: तुमच्या सभागृहाशेजारी जे राहतात त्यांना हा प्रश्न तुम्ही कधी विचारला आहे काय?

कारण त्या स्वागतसमारंभात, इंग्रजी गाण्यांच्या वेळीसुद्धा, शेजाऱ्याशी बोलायचे तर त्याच्या कानाला तोंड लावावे लागत होते. तान्ही मुले रडत होती. एका आजीबाईंनी पदराचे बोळे करून कानांत घातले होते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणे ही कानाची मर्यादा मानतात. १०० डेसिबलला ती मर्यादा पंधरा मिनिटांवर येते. आपले समारंभ चार-चार तास चालतात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांना मनाई आहे. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादेवर शिक्कामोर्तब केले. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली सुरू केलेला, एके काळी पहाटेपर्यंत रंगणारा सवाई गंधर्व महोत्सवसुद्धा या दहाच्या ठोक्यापुढे नमला. भैरवीने जो कायदा मानला तो आपल्या केकने आणि ‘मसाल्या’ने का मानू नये?

तेव्हा बैठकीत यायला हवा होता तो प्रस्ताव आवाजाविषयीचा. तो आला नाही. कारण आवाजावर बंदी आली असती तर ती सर्वांवर आली असती, इंग्रजीवरही. मराठी गाण्यावरची बंदी फक्त गरिबाच्या पोरावर येते. बंदी घालणे सोपे असते तेथे आपण नीतीच्या गोष्टी करतो आणि जेथे स्वतःला थोडी तोशीस पडणार तेथे डोळे मिटतो. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ यांविषयी प्रभू येशूने काय सांगितले ते आपल्या मुलांना आपणच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवितो.

काही पालक म्हणतील, की या संगीताच्या नावाखाली मोठमोठे मेळे भरतात, तेथे दारू आणि त्याहून घातक पदार्थ फिरतात. आमच्या मुलांना तेथून दूर ठेवण्यासाठीच आम्ही कठोर होतो. ही भीती खोटी नाही, आणि पालकांच्या काळजीची आम्ही टवाळी करणार नाही. परंतु मुलगा आपल्या सभागृहात, आपल्या आजीसमोर, आपल्या भाषेत नाचत असताना त्याला तेथून हाकलल्याने तो त्या मेळ्यांपासून दूर जाईल की त्यांच्या जवळ जाईल? ज्याला आपण आपल्या अंगणात नाचू देत नाही, तो नाचणे सोडीत नाही; तो अंगण सोडतो. युवकमंडळाच्या सभांना खुर्च्या रिकाम्या का राहतात, याची चौकशी करण्यासाठी समित्या नेमण्यापेक्षा त्या रात्रीचे ते बटण आठवावे.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांला पसंत नाही. म्हणून धर्मग्रामाच्या पुढील बैठकीसाठी आमचा स्वतःचा प्रस्ताव येथे नोंदवितो. सभागृहात कोणत्याही भाषेतील गाण्यास भाषेमुळे मनाई असू नये. अश्लील शब्दांना मनाई असावी, आणि ती मराठी, इंग्रजी, कोकणी, हिंदी सर्वांना सारखी असावी. सभागृह भाड्याने देतानाच ध्वनिवर्धकांची संख्या आणि आवाजाची मर्यादा लेखी ठरवावी. शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडल्याविना बोलता आले पाहिजे, हे साधे माप पुरे आहे. रात्री दहाला आवाज बंद व्हावा, मग यजमान कितीही मोठा असो. आणि प्रत्येक समारंभात एक तास तरी जिवंत वादकांसाठी राखून ठेवावा. आपल्या धर्मग्रामांत व्हायोलिन, ट्रम्पेट, ढोलकी वाजविणारे हात अजून आहेत. त्यांना बोलावावे, त्यांचा योग्य मोबदला द्यावा, आणि यंत्रावर बसणाऱ्या मुलाला त्यांच्या शेजारी बसवावे. तो त्यांच्याकडून कान घेईल, ते त्याच्याकडून उमेद घेतील.

त्या सद्गृहस्थांविषयी आमच्या मनात कटुता नाही. ते आमचे जुने परिचित आहेत; आजारी माणसाच्या उशाशी सर्वांच्या आधी पोहोचणारे आहेत. ते घरी नातीशी मराठीत बोलतात हे आम्ही स्वतः ऐकले आहे. त्यांना आमची एवढीच विनंती, की येत्या बैठकीत आपला प्रस्ताव त्यांनी स्वतः मागे घ्यावा, आणि तसे करताना मराठीत बोलावे. या वेळी आम्ही कोपऱ्यात बसणार नाही. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसू आणि आवाजाविषयीचा प्रस्ताव मांडू. त्यास त्यांचे अनुमोदन मिळेल, अशी आम्हांस आशा आहे.